शपथेचा हात

१

रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागली तेव्हा हॉस्पिटलनं गोऱ्या स्टाफला गॅसचे मास्क वाटले आणि आपल्या लोकांना सल्ला वाटला. घरातली एक खोली निवडा, खिडकीच्या फटी चिकटपट्टीनं बुजवा, भोंगा वाजला की आत जाऊन दाराखाली ओला टॉवेल कोंबा आणि नाकावर ओला रुमाल धरून बसा. विषारी वायूपुढे ओला रुमाल काय दिवे लावणार, हे विचारायची सोय नव्हती. फुकटच्या सल्ल्याचे दात कोण मोजतो?

गोपीनाथ त्या हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होता. मलाज भागातल्या एका जुन्या इमारतीत तो, बायको नंदा आणि सहा वर्षांची कीर्ती असे तिघं राहत. त्या सकाळी तो स्टुलावर उभा राहून झोपायच्या खोलीच्या खिडकीला पट्टी चिकटवत होता. पट्टी ओढली की ती किंचाळल्यासारखा आवाज करायची आणि कीर्ती दर वेळी हसायची. शाळा बंद, बाबा घरी, खिडकीला पट्ट्या. तिच्या लेखी युद्ध म्हणजे चांगलीच चंगळ होती.

नंदा पलंगावर बसून तिच्या वेण्या घालत होती. कंगवा वरून खाली यायचा आणि गोपीनाथला तो एकाच वेळी चार-पाच ठिकाणी दिसायचा, हललेल्या फोटोसारखा. याची त्याला आता सवय झाली होती. ऑगस्टपासून हलती गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढे आपलं शेपूट सोडून जात होती. पंखा, चमचा, रस्त्यावरची गाडी, सगळंच. क्षणभरानं शेपूट विरायचं आणि जग जागेवर यायचं.

नंदानं कंगवा खाली ठेवला. शेपूट विरलं. तिनं दोन्ही हातांनी रिबिनीची गाठ मारायला घेतली.

आणि तिसरा हात कीर्तीच्या डोक्यावर तसाच राहिला.

तळवा खाली, बोटं जराशी फाकलेली. मनगटापर्यंत हात आणि पुढे काही नाही. गोपीनाथनं डोळे मिटले, आतल्या आत आकडे मोजले, उघडले. हात होता. कीर्तीनं मान वळवून, "बाबा, लुक, बटरफ्लाय!" म्हणत रिबीन दाखवली, तेव्हा डोक्याबरोबर हातही वळला.

"अहो, पट्टी अर्धवट का सोडलीत?" नंदा म्हणाली. तो पुन्हा पट्टी लावायला लागला.

२

आता गोळ्यांचं सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय या गोष्टीला बूड नाही.

त्या पांढऱ्या होत्या आणि त्यांच्यावर दोन चंद्रकोरी होत्या. लांब पल्ल्याचे ट्रकवाले झोप मारायला घ्यायचे. आपली सुशिक्षित माणसं गंमत म्हणून घ्यायची. गुरुवारी संध्याकाळी डॉक्टर रत्नाकरांच्या क्वार्टरवर रमीचा अड्डा जमायचा. चहा यायचा, आणि चहाबरोबर बिस्किटाच्या बशीत गोळ्या. दारू प्यायला कायद्याची भीती, गोळीला वास नाही. डॉक्टर स्वतःच देतोय म्हटल्यावर भिणार कोण? गोळी पोटात गेली की माणूस हुशार व्हायचा, सगळ्यांना सगळं पटायचं. दुसऱ्या दिवशी जबडा दुखायचा आणि कातडीखालून मुंग्या चालल्यासारखं वाटायचं, पण ते दुसऱ्या दिवशी.

गेल्या एप्रिलमध्ये, रमजानच्या सुमारास, शर्ट धुवायला टाकताना नंदाला खिशात एक गोळी सापडली. ती भांडली नाही, रडली नाही. तिनं कीर्तीला झोपेतून उठवून पुढ्यात आणून बसवलं आणि म्हणाली, "हिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्या. परत घेणार नाही म्हणा. आणि मोडलीत, तर मी हिला घेऊन मिरजेला जाईन. पोरीचं तोंड दिसायचं नाही तुम्हाला."

गोपीनाथनं हात ठेवला आणि शपथ घेतली. चटकन घेतली, कारण त्याचा विश्वासच नव्हता. हाडांचे फोटो काढणारा माणूस. जे फिल्मवर येत नाही ते नाही, असं त्याचं साधं गणित. शपथा मोडून माणसं मरत असती तर निम्मा महाराष्ट्र ओस पडला असता, असं तो पुढच्या गुरुवारी अड्ड्यावर म्हणाला. सगळे हसले. बशी पुढे आली आणि त्यानं गोळी उचलली.

ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, नाक्यानाक्यावर तपासणी सुरू झाली, आणि गोळ्या विकणाऱ्याला म्हणे पकडून नेलं. अड्डा रातोरात बंद. तेव्हापासून गोपीनाथ खरोखरच गोळीला शिवला नव्हता. म्हणजे शपथ घेतली तेव्हा तो खोटा होता, आणि आता खरा होता तेव्हा त्याला कुणी शपथ विचारत नव्हतं. नंदाला मात्र त्याचा थरथरता हात दिसत होता, रात्री कराकरा वाजणारे दात ऐकू येत होते. ती गुपचूप त्याचे खिसे तपासत होती.

३

रत्नाकरांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला गोळ्यांची गोष्ट सांगणं म्हणजे आपल्या हातानं इकामा, इथं राहायचा परवाना, फाडून देणं.

दुपारी ओपीडी रिकामी झाल्यावर गोपीनाथ त्यांच्या खोलीत गेला. रत्नाकरांनी आधी दार लावून घेतलं, मग आवाज खाली आणला.

"शेपटं दिसतात ना? होतं कुणाकुणाला. मेंदू चित्र पुसायला उशीर करतो. भरून येईल."

"कधी?"

"येईल, नाहीतर नाही येणार. मला काही झालं नाही बघ. ज्याची त्याची प्रकृती."

गोपीनाथला त्या क्षणी त्यांचं मुस्काट फोडावंसं वाटलं. पण गरजवंताला अक्कल नसते आणि राग तर मुळीच परवडत नाही. त्यानं हाताचं सांगितलं. कुणाच्या डोक्यावर, हे सांगितलं नाही.

रत्नाकर हसले. "सोपी परीक्षा आहे. जे डोळ्यात आहे ते डोळ्याबरोबर फिरतं. तू नजर भिंतीवर नेलीस तर ते भिंतीवर जाईल. नेऊन बघ. गेलं की समज, मेंदूचा खेळ."

"आणि नाही गेलं तर?"

"जाईल रे. शास्त्र आहे ते."

घरी आल्यावर त्यानं परीक्षा घेतली. कीर्ती फरशीवर बसून चित्र रंगवत होती. खडू हलत होता. त्यानं खडूकडे पाहून नजर भिंतीकडे नेली. खडूचं शेपूट इमानेइतबारे भिंतीवर गेलं. त्याला बरं वाटलं. मग त्यानं तिच्या डोक्याकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि नजर भिंतीवर नेली.

भिंत कोरी होती. त्यानं पुन्हा खाली पाहिलं. हात जिथल्या तिथं होता, आणि त्याच्या वजनानं कीर्तीचे केस दबले होते.

त्याला भीती वाटली. तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिच्या जवळ जाववेना. एका बापाला याहून वाईट काय व्हायचं?

४

आठवडाभरात कीर्ती मान वाकवून चालायला लागली. नंदानं दोनदा हटकलं, "पोक काढू नकोस गं." कीर्ती म्हणाली, "हेवी वाटतं." नंदाला वाटलं, वेण्या घट्ट झाल्या. तिनं त्या सोडल्या.

त्या संध्याकाळी ताटं मांडताना भोंगा वाजला. तिघंही पट्ट्यांच्या खोलीत गेले. नंदानं दाराखाली टॉवेल कोंबला. बंद खोलीत तिघांचे श्वास, पट्टीच्या डिंकाचा वास आणि वर कुठेतरी गडगड. कीर्ती आईला बिलगून होती, गोपीनाथ समोरच्या भिंतीशी, दोन्ही हातांनी नाकावर रुमाल धरून.

"बाबा, डोन्ट प्रेस," कीर्ती म्हणाली.

"काय गं?"

"हात काढ ना बाबा. दुखतंय."

नंदानं त्याच्याकडे पाहिलं. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. "पोर घाबरलीय," ती म्हणाली आणि कीर्तीला आणखी जवळ ओढलं. त्या हाताच्या नेमक्या खाली तिनं आपला गाल टेकवला. तिला काही जाणवलं नाही. गोपीनाथ रुमालात दात दाबून बसला.

सगळं शांत झाल्याचा भोंगा वाजला तशी कीर्ती उठून दाराकडे पळाली. भूक लागली होती तिला. नंदा टॉवेल काढायला वाकली होती, त्यामुळे पुढचं फक्त गोपीनाथनं पाहिलं. कीर्ती अडखळली नाही, तिचा पाय कशात अडकला नाही. आधी तिची मान पुढे गेली, कुणी ढकलल्यासारखी, आणि मग ती गेली. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटल्याचा आवाज त्या खोलीत केवढा तरी मोठा झाला.

५

कपाळाला टेंगूळ आलं होतं, एक उलटी झाली होती. दोघांनी तिला हॉस्पिटलात नेलं. रत्नाकर ड्यूटीवर होते. त्यांनी कवटीचा एक्स-रे सांगितला. एक्स-रे विभागात गोपीनाथशिवाय कुणी नव्हतं. म्हणजे पोरीचा फोटो त्यालाच काढायचा होता.

त्यानं डार्करूममध्ये जाऊन कॅसेटमध्ये नवी फिल्म भरली. तांबड्या दिव्याखाली स्वतःच्या हातानं भरली. हे पुढे त्यानं स्वतःला पुष्कळदा सांगितलं. कीर्तीला टेबलावर निजवलं, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना स्पंज लावले. एरवी लहान पोरांचं डोकं आई किंवा बाप धरतो, आणि मग फिल्मवर त्यांच्या बोटांची हाडं येतात, रोजचीच गोष्ट. पण कीर्ती शहाण्यासारखी पडून होती. त्यानं नंदाला शिशाच्या काचेमागे आपल्याजवळ उभं केलं, "श्वास रोखून धर हं, बाळा," म्हणाला आणि बटण दाबलं. काचेतून त्यानं तिच्या डोक्याकडे पाहिलं नाही.

धुतलेली फिल्म रत्नाकरांनी दिव्यावर लावली. नंदा त्यांच्या खांद्यावरून बघत होती.

"फ्रॅक्चर नाही," रत्नाकर म्हणाले. नंदानं देवाचं नाव घेतलं. "पण गोपीनाथ, हे काय?"

कवटीच्या माथ्यावर पाच बोटांची हाडं पसरली होती.

"कुणी धरलं होतं डोकं?"

"कुणीच नाही," नंदा म्हणाली. "आम्ही दोघंही काचेमागे होतो."

रत्नाकरांनी चष्मा काढला. "मग ही आधी वापरलेली फिल्म आहे. सकाळी कुणाच्या तरी हाताचा फोटो काढलास आणि तीच कॅसेट परत लावलीस. एका फिल्मवर दोन फोटो. शिकाऊ पोरगंसुद्धा अशी चूक करत नाही रे." मग ते नंदाकडे वळले आणि डॉक्टरी आवाजात म्हणाले, "वहिनी, बोलू नये, पण याचे हात बघा कसे कापतात. लक्ष नसतं कामात. याला विचारा एकदा, परत सुरू केलंय का म्हणून."

ज्याच्या बशीतून गोळ्या उचलल्या तोच आता कीर्तनकार झाला होता. गोपीनाथनं तोंड उघडलं, पण त्याची नजर फिल्मवर खिळली होती. करंगळीच्या मुळाशी हाड वेडंवाकडं जुळलेलं होतं. तो शाळेत असताना सायकलच्या चेनमध्ये अडकून मोडलेलं, हाडवैद्यानं बसवलेलं. त्यानं आपला उजवा हात खिशात घातला.

फिल्म नवी होती. नव्हती? त्यानं तांबडा दिवा आठवला, डबा आठवला, हात आठवले. जितकं आठवलं तितकं ते विरत गेलं.

६

घरी आल्यावर नंदानं दिवा लावला, कीर्तीला पाटावर बसवलं.

"खरं सांगा. घेताय?"

"नाही."

"कधीपासून नाही?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पण कधी नव्हे ते त्याला खरं बोलावंसं वाटलं. "ऑगस्टपासून."

नंदाचा चेहरा उतरला. "म्हणजे शपथेनंतरही घेत होतात."

"होतो. पण नंदा, ऑगस्टनंतर एकदासुद्धा नाही. ही फिल्म, हे कापणं, हे सगळं आधीचंच उरलंय. औषध नाही त्याला. पण मी शिवलेलो नाही."

तिनं कीर्तीच्या फ्रॉकची कॉलर नीट केली. मग जे बोलली त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "मला तुमचं खरं मानायचंय हो. कुठं जाऊ मी तुम्हाला टाकून, असल्या दिवसांत? एकदा, शेवटचं, हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि आत्ता म्हणालात तेच म्हणा. मी परत विचारणार नाही. आयुष्यात विचारणार नाही."

केवढं सोपं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो खरी शपथ घेणार होता. त्यानं हात उचलला आणि पुढे केला.

जागा रिकामी नव्हती.

हात तिथं होता, माथ्यावर चपखल, करंगळी जराशी वाकडी. त्यानं स्वतःचा तळवा वर धरला तशी त्याला खालून ऊब लागली, जिवंत माणसाच्या हाताची असते तशी. आणि मग खालच्या हाताची बोटं किंचित उचलली गेली, वरच्या हाताला चाचपल्यासारखी.

त्यानं हात मागे घेतला.

"ठेवा ना," नंदा म्हणाली. "खरे आहात तर घाबरता कशाला?"

"मला नाही ठेवता येत."

"का?"

काय सांगणार होता? की मोडलेल्या शपथेचा तो हात अजून तिथंच आहे? तिनं हे गोळीचं बोलणं मानलं असतं, आणि तिच्या जागी त्यानंही तेच मानलं असतं. "नाही ठेवता येत," तो पुन्हा म्हणाला.

"कळलं मला," नंदा म्हणाली. तिनं कीर्तीला उचललं आणि पट्ट्यांच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

७

अल सुलै भागातल्या गोदामात काम करणारे, ओळखीचे हुसेनमियाँ आपल्या बायकोला, सफूराला घेऊन जेद्दाला निघाले होते. रियाधचा विमानतळ बंद होता. ज्याला देश गाठायचा त्याला आधी जेद्दा गाठावं लागे. नंदानं सफूराशी परस्पर बोलून घेतलं. तिथून बाहेर जायच्या परवान्यासाठी नवऱ्याची सही लागते, तेवढ्यापुरतं तिनं गोपीनाथला विचारलं. त्यानं सही केली. एका परीनं त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. जे काही होतं ते त्याचं होतं, त्याच्या डोळ्यांतलं, त्याच्या घरातलं. पोर लांब गेली की मोकळी होईल, असा हिशेब त्यानं मनाशी केला होता. आपल्याला तिचं तोंड दिसलं नाही तरी चालेल, पण ती सरळ मानेनं चालू दे. बापानं केलेला हा एकच चांगला विचार, म्हणून सांगून ठेवतो.

सकाळी गाडी दाराशी आली. हुसेनमियाँनी बॅगा वर बांधल्या.

"गोपीनाथभाई, फिकीर करू नका. जेद्दाला शराफियात आमच्या भावाचा घर हाय. विमान मिलेपर्यंत तितंच ऱ्हातील. सफूरा पोरीला पोटच्या पोरीवानी बघील."

"मोठे उपकार झाले," गोपीनाथ म्हणाला.

डब्यात दोन दिवसांची भाजी आहे, एवढंच सांगून नंदा गाडीत बसली. कीर्ती मागच्या सीटवर चढली आणि मागच्या काचेकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली. कपाळावरचं टेंगूळ हिरवट झालं होतं. गोपीनाथनं डोळे भरून पाहून घेतलं, फक्त चेहरा, वर नजर जाऊ दिली नाही.

गाडी सुरू झाली. हलत्या गाडीनं आपलं शेपूट मागे सोडलं. रस्त्यावर तिचे चार-पाच पुसट ठसे राहिले आणि विरले. त्यानं सुस्कारा सोडला आणि शेवटचं म्हणून वर पाहिलं.

हात गेला होता तिच्याबरोबर. त्याच्या डोळ्यात राहिला नाही, घरात राहिला नाही. काचेमागे, तिच्या माथ्यावर, पहिल्यासारखाच. इतके दिवस त्याची बोटं मोकळी पसरलेली असायची. आता ती एकेक करून मिटायला लागली. तिचे केस मुठीत आले.

"थांबा!" गोपीनाथ ओरडला. तो उजवा हात उंच करून धावला. "हुसेनमियाँ, थांबा!"

कीर्तीनं दोन्ही हात वर केले. टाटा करायला नव्हे. ते डोक्याकडे गेले आणि तिथं कशाशी तरी झटायला लागले. तिचं तोंड उघडलं होतं. काचेतून आवाज येत नव्हता. नंदा पुढे पाहत बसली होती.

हुसेनमियाँनी आरशात पाहिलं. माणूस हात हलवत धावतोय, लेकीला निरोप देतोय, बिचारा. त्यांनीही खिडकीतून हात बाहेर काढून हलवला आणि गाडी जेद्दाच्या रस्त्याला लावली.